बोर्दोच्या बसमधल्या अनोळखी मुलीला

प्रिय ताई,

तुझं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहिते आहे. जूनमधली, बोर्दोहून मेदोक या वाईनच्या भागात जाणारी ती टूरची बस. तू आमच्या मागच्या सीटवर होतीस. पांढरी टोपी आणि गळ्यात तुळशीची माळ घातलेले आजोबा तुला आठवत असतील. ते माझे वडील, आप्पा. निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे.

खरं सांगते, सकाळी आप्पांना उगाच आणलं असं वाटत होतं. तुलूझला नोकरी करणाऱ्या माझ्या भावाने हौसेने तिकिटं काढली, पण आप्पा माळकरी. वाईन चाखायची नाही, आणि गाईडचं फ्रेंच-इंग्रजी कळायचं नाही. मार्गोचे राजवाड्यासारखे वाडे मागे पडत होते आणि ते नुसत्या वेली बघत होते. "मांडव नाही, ठिबक नाही, कमरेएवढ्याच वेली," एवढंच बोलले.

मग साँ-जुलियाँ हे गाव आलं. गाईड माईकवर काहीतरी सांगत होती, माझं लक्षही नव्हतं. तू पुढे वाकून विचारलंस, "आजोबा, तुम्ही बागेवर बोर्डो मारता ना? ते इथलं आहे."

बोर्डो म्हणजे द्राक्षांवर फवारायचं औषध. आप्पा सीटवर पूर्ण वळून बसले आणि तू सांगत गेलीस. 1882 साली बोर्दो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मीयार्दे या भागातून चालले होते. केवडा या बुरशीच्या रोगाने बागांची पानगळ झालेली, रस्त्याकडेच्या वेली मात्र हिरव्यागार. जाणाऱ्या-येणाऱ्यांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून बागायतदारांनी त्यांच्यावर मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि चुना शिंपडलेला! त्यावर प्रयोग करून 1885 साली त्यांनी ते मिश्रण, म्हणजेच बोर्डो, जगापुढे मांडलं. केवडा मुळात अमेरिकेतून आला, हेही तू सांगितलंस. "आम्ही ज्यावर द्राक्षाचं कलम करतो तो डॉगरिज खुंटही तिकडचाच," आप्पा म्हणाले. आणि मग, "पन्नास वर्षं फवारतोय. बोर्डो हे गावाचं नाव आहे, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं."

2009 च्या नोव्हेंबरात फयान वादळाच्या पावसानंतर आमची बाग केवड्याने गेली. रात्री बॅटरीच्या उजेडात आप्पा फवारत होते, तरी हाती काही लागलं नाही. त्या हंगामाबद्दल ते घरात कधीच बोलत नाहीत. तुझ्याशी बोलले. मीही त्यातलं निम्मं पहिल्यांदाच ऐकलं.

पुढच्या वाड्यात सगळे पेले घेऊन उभे राहिले आणि तू तुझा पेला तसाच ठेवून आप्पांना बाहेर घेऊन गेलीस. त्याचेही पैसे तू भरले होतेस, हे माझ्या मनात राहिलंय. वेलींचे शेंडे तारेत अडकवणाऱ्या एका कामगाराला तू थांबवलंस. आप्पांनी पान उलटं करून पांढरी बुरशी दाखवली, "केवडा." तो म्हणाला, "मिल्द्यू." तिथून पुढे तुलाही फारसं भाषांतर करावं लागलं नाही. मिश्रणात विळा बुडवायचा, त्यावर तांब्याचा थर चढला तर चुना कमी पडला, हे आप्पांनी रिकाम्या हाताने करून दाखवलं आणि त्याला कळलं. तांबं मातीत साचत जातं, म्हणून युरोपात आता हेक्टरी सात वर्षांत 28 किलोची मर्यादा आहे, हे त्याने सांगितलेलं आप्पांनी तिकिटाच्या मागे लिहून घेतलं. बसचा हॉर्न वाजला तेव्हा दोघं एकमेकांचे तळहात बघत होते.

ते तिकीट आता फवारणीच्या वहीत आहे. परवा आप्पांनी ड्रममध्ये विळा बुडवला, बाहेर काढून उन्हात धरला आणि नव्या गड्याला साँ-जुलियाँची सगळी गोष्ट सांगितली. सुरुवात तुझ्यापासून केली: "बसमध्ये आपली एक पोरगी भेटली..."

तुझी,
आप्पांची मुलगी