नमुना निबंध नकोत, विषय द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आणि निबंधाला २५० गुणांचा स्वतंत्र पेपर आला. तेव्हापासून आपल्या नाशिकच्या अभ्यासिकांत नमुना निबंधांच्या झेरॉक्स हातोहात फिरत आहेत. पर्यावरण, महिला सक्षमीकरण, डिजिटल भारत असे पंधरा-वीस निबंध मुले तोंडपाठ करतात. एवढ्या कष्टांचे चीज होत नाही, याचे फार वाईट वाटते.

पाठांतर कुठे फसते ते एका विषयावरून दिसेल. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२२ च्या निबंधाच्या पेपरात एक विषय होता : छपराची डागडुजी ऊन असतानाच करावी. पाठांतर केलेला उमेदवार इथे ‘आपत्ती व्यवस्थापन’ हा निबंध उतरवून काढतो. माहिती बिनचूक असते, पण विषय बाजूलाच राहतो. छप्पर म्हणजे काय, ऊन म्हणजे कोणता काळ, हे तर ठरवायचेच. पण खरी मेख पुढे आहे. ऊन असताना माणूस छपरावर का चढत नाही? कारण तेव्हा गळती दिसत नाही. या ‘का’भोवती निबंध उभा राहतो. उलट बाजूही तिथेच सापडते : छप्पर कुठे गळते हे पाऊस आल्याशिवाय कळत नाही, मग दुरुस्ती आधी कशी करणार? हा प्रश्न स्वतःच उपस्थित करून त्याला उत्तर देणारा निबंध परीक्षकाला थांबून वाचावा लागतो.

उदाहरण तर निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेत आहे. एप्रिल छाटणीच्या वेळी वेलीवर फळ नसते, पण पुढच्या हंगामाचे घड त्यानंतरच्या दिवसांत काडीतल्या डोळ्यांत, म्हणजे सुप्त कळ्यांत, तयार होतात. तिथे हयगय झाली तर ऑक्टोबर छाटणीनंतर कितीही फवारण्या केल्या तरी घडांची संख्या वाढत नाही. हे चार ओळींत लिहावे आणि पाचव्या ओळीत छपराकडे परत यावे. ही पाचवी ओळ बहुतेकांची राहून जाते आणि मग उदाहरण नुसती गोष्ट होऊन बसते.

वेळेचे म्हणाल, तर केंद्राच्या पेपरात तीन तासांत दोन निबंध, प्रत्येकी १२५ गुण, १००० ते १२०० शब्द. म्हणजे एका निबंधाला ९० मिनिटे. पहिली २० मिनिटे कच्च्या कामाची : विषयाचा अर्थ आपल्या शब्दांत एका वाक्यात, मग सात-आठ मुद्दे आणि त्यांचा क्रम. लेखनाला ६०, उरलेली १० वाचून दुरुस्त करायला. पहिला निबंध दोन तास खातो आणि दुसरा शेवटी घाईत उरकला जातो, हा नेहमीचा घोटाळा. गुण सारखेच असल्याने पहिल्यात मिळवलेले दुसऱ्यात जातात. म्हणून दीड तास झाला की पहिला निबंध थांबवायचा म्हणजे थांबवायचा.

मराठीतून लिहिणाऱ्यांनी आणखी एक हिशेब ध्यानात घ्यावा. ‘नदीकाठच्या लोकांसाठी’ हे आपले दोन शब्द; इंग्रजीत त्याला सहा-सात लागतात. मराठीच्या हजार शब्दांत आशय जास्त मावतो आणि हातालाही वेळ जास्त लागतो. बाराशेचा हट्ट नको, हजार नेटके पुरेत.

सुविचारांची पेरणी, योजनांची जंत्री आणि शेवटी ‘२०४७ चा विकसित भारत’ हे तिन्ही परीक्षकाने आधीच्या शंभर उत्तरपत्रिकांत वाचलेले असते. चुकीच्या माणसाच्या नावावर खपवलेला सुविचार तर पुढच्या खऱ्या माहितीवरचाही विश्वास घालवतो.

सरावासाठी आठवड्यातून एक निबंध घड्याळ लावून, पेनाने, पूर्ण लिहावा. रोज एका विषयाचे फक्त कच्चे काम करावे, पंधरा मिनिटे. लिहिलेला निबंध मित्राला द्यावा आणि प्रत्येक परिच्छेदाचे सार समासात एका वाक्यात लिहायला सांगावे. जिथे त्याला जमत नाही तिथे दोन मुद्दे एकमेकांत गुंतलेले असतात किंवा एकही नसतो. आपल्या अग्रलेखांवरही हीच कसरत रोज करता येईल.

आपणांस विनंती एवढीच, की दर सोमवारी निबंधाचा एक विषय छापावा आणि पुढच्या सोमवारी वाचकांनी पाठवलेले दोन-तीन आराखडे, त्यांतल्या त्रुटींसह. नमुना निबंध मात्र कृपया छापू नये.

आपला,
एक वाचक, पंचवटी, नाशिक