2030 चा शब्द कायद्यात उतरवा: अवकाशातल्या कचऱ्याबाबत खुले पत्र

मा. अंतराळ राज्यमंत्री, भारत सरकार, यांस

स. न. वि. वि.

2 एप्रिल 2022 च्या रात्री चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे आकाशातून कोसळले. आसपासच्या गावांत दाबाच्या टाक्यांचे गोळेही सापडले. हा चिनी रॉकेटचा अवशेष असल्याचे अभ्यासकांनी ताडले. कोणी दगावले नाही, हे नशीब.

पण कचरा आपलाही आहे. 2001 मध्ये इस्रोच्या पीएसएलव्ही-सी3 रॉकेटचा चौथा टप्पा, म्हणजे उपग्रहाला कक्षेत नेणारा शेवटचा भाग, उपग्रह सोडून झाल्यावर दोन महिन्यांनी कक्षेत फुटला आणि त्याचे तीनशेहून अधिक तुकडे झाले. काम संपलेल्या टप्प्यात इंधन, दाबाखालचा वायू आणि चार्ज असलेली बॅटरी उरते. ऊन-सावलीच्या सततच्या फेऱ्यांनी टाक्या तापतात, निवतात; झडप गळली किंवा दाब वाढला की स्फोट. उपाय माहीत आहे: उरलेले इंधन जाळणे वा सोडून देणे, वायू मोकळा करणे, बॅटरी रिकामी करणे.

हे आपल्याला जमते. जानेवारी 2024 च्या पीएसएलव्ही-सी58 चा चौथा टप्पा इस्रोने 650 वरून 350 किलोमीटरवर उतरवला, त्याचे इंधन काढून टाकले. 21 मार्चला तो वातावरणात शिरला. एरवी 650 किलोमीटरवरची वस्तू कित्येक वर्षे घिरट्या घालते, 800 वर तर शतकभरही.

भारताने 2030 पर्यंत कचरामुक्त मोहिमांचा शब्द दिला आहे, खासगी कंपन्यांसह. मात्र अंतराळ कायद्याचा मसुदा 2017 पासून रखडला आहे. त्यात स्पष्ट लिहा: कक्षेतून उतरण्याचे इंधन वेगळे राखून ठेवल्याचा हिशेब दाखवल्याशिवाय परवाना नाही, काम संपल्यावर पाच वर्षांत उपग्रह खाली, टप्पा रिकामा केल्याची टेलिमेट्री (यानाने जमिनीवर पाठवलेली मोजमापे) इन-स्पेसकडे, म्हणजे खासगी अवकाश मोहिमांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेकडे, जमा. इंधन राखले की उपग्रहाचे कमाईचे महिने घटतात, म्हणून कंपन्या आपखुशीने हे करतील असे आम्हाला वाटत नाही.

आणि गावासाठी एक गोष्ट. पडलेल्या टाकीत हायड्रॅझिनसारखे विषारी इंधन किंवा दाब शिल्लक असू शकतो. वस्तूला हात लावू नये, लोकांना लांब, वारा जिकडून येतो त्या बाजूला ठेवावे, फोटो काढून तहसीलदारांना कळवावे, एवढी चार ओळींची मराठी सूचना प्रत्येक तलाठी कार्यालयात आणि पोलीस ठाण्यात पोहोचवा. अवकाशातल्या वस्तूंमुळे झालेल्या नुकसानीबाबतच्या 1972 च्या आंतरराष्ट्रीय दायित्व करारानुसार नुकसानभरपाई मागायची तर जागेवरची अशी नोंद कामी येते.

कळावे,
अवकाश कचऱ्याचे अभ्यासक