आता बाणेरला या

ती. आई-बाबांना सा. न.

तुमच्या कोरेगाव पार्कच्या फ्लॅटला भाडेकरू मिळाला आणि करारावर मी सही करून मोकळी झाले. चिडू नका. फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी "ओशोंचा आश्रम सोडून कुठे जायचं?" म्हणत फोन आईकडे दिला असता आणि आईने विषय जेवणावर नेला असता. म्हणून पत्र.

बाबा, अँजिओप्लास्टीनंतर आश्रमातलं डायनॅमिक ध्यान बंद, असं डॉक्टर माझ्यादेखत म्हणाले. दहा मिनिटं भात्यासारखा श्वास, दहा मिनिटं आरडाओरडा, मग हात वर करून 'हू हू' करत उड्या, हे या वयात, स्टेंट घातलेला असताना? तुम्ही मान डोलावलीत आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गेलात. वॉचमनने सांगितलं मला. बसल्या बसल्या नादब्रह्म करा ना, गुणगुणायला कोण नको म्हणतंय?

इथे तळमजला आहे. बाथरूममध्ये धरायला दांड्या लावल्यात, आईला सकाळचं ऊन येणारी खोली. आश्रमाच्या मरून झग्यांना वेगळं कपाट केलंय. संध्याकाळी सातला पांढरे झगे घालून दोघं हॉलमध्ये बसा, मी प्रवचन लावून देईन. ओशोंचा फोटोही मीच टांगेन, आईला हवा त्या भिंतीवर.

तुमच्या भगवान ओशोंना मी नावं ठेवत नाही, खरंच. कारखाना, प्रभात रोडचा बंगला, सगळं असून बाबांना जे मिळत नव्हतं ते तिथे मिळालं, एवढं आता कळतं. अमेरिकेत ओरेगॉनमधल्या त्यांच्या ६४ हजार एकरांच्या रँचच्या आणि ९३ रोल्स रॉइसच्या गोष्टी तुमच्याकडूनच ऐकल्या. १९८४ मध्ये तिथल्याच काही जणांनी जवळच्या द डॅल्स गावच्या हॉटेलांत सॅलडमध्ये जंतू कालवले आणि ७५१ माणसं आजारी पडली, ते मात्र मला वाचून कळलं. तुम्ही तेव्हा रँचवर भाज्या लावत होतात, तुम्हाला काय माहीत असणार! मी पुन्हा विचारणार नाही. आणि आजीने माझं काही कमी केलं नाही, ते मनातून काढून टाका.

आई, प्रवचनाला निघताना तू गजरा काढून माझ्या वेणीत माळायचीस, गेटवर वास घेऊन, सुगंध नसेल तरच आत सोडायचे म्हणून. मी तो तसाच ठेवून झोपायचे. सकाळी उशीवर सगळा चुरा, आणि आजीची बोलणी. मला तुझ्या केसांचा वास हवा असायचा, बाकी काही नाही.

रविवारी टेम्पो येईल. बाबांनी एकही खोकं उचलायचं नाही. गोळ्या आणि फाइल हातातल्या पिशवीत, टेम्पोत नाही. लोणच्याच्या बरण्या तिथेच वाटून टाक, बाबांना मीठ कमी सांगितलंय. १९ जानेवारीला, ओशोंच्या स्मृतिदिनी, आश्रमात जायचं असेल तर मी सोडेन आणि आणायलाही येईन. परस्पर रिक्षा करायची नाही, बाबा, तुम्हालाच सांगतेय.

तुमची,
बेबी