जुन्या बेअरिंगवर नवा कॅम न बसवणाऱ्या उस्तादांस

आदरणीय उस्ताद,
सप्रेम नमस्कार.

गाडी ताब्यात घेताना आपले आभार मानले होतेच. परंतु जालन्यात आणि आसपास जास्त लिफ्टचा कॅम, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह नेहमीपेक्षा जास्त उघडणारा फिरता दांडा, टाकून घेणारी तरुण मंडळी हल्ली बरीच दिसतात, त्यांच्याही उपयोगी पडावे म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

नवा कॅम आणि त्याच्या जोडीचे कडक व्हॉल्व्ह स्प्रिंग मी आणले होते. दुसऱ्या एका गॅरेजात जुनीच बेअरिंग उपसून नव्या कॅमवर ठोकून देण्याची तयारी होती. आपण मात्र कॅमच्या दोन्ही टोकांची बेअरिंग नवी असल्याशिवाय हेड (इंजिनाचा वरचा भाग) बंद करणार नाही, असे काम हाती घेण्यापूर्वीच बजावलेत.

त्यामागचे कारणही आपण दाखवलेत. व्हॉल्व्ह जास्त उघडायचा तर स्प्रिंग जास्त दाबावी लागते, आणि ती ज्या जोराने उलट रेटते तो भार रॉकरमार्फत (कॅम आणि व्हॉल्व्हच्या मधल्या झुलत्या दांडीमार्फत) कॅमवर व तेथून बेअरिंगवर येतो. चेनच्या बाजूच्या बेअरिंगला तर कॅम फिरवणाऱ्या टायमिंग चेनची ओढही सोसावी लागते. बॉल बेअरिंगचे आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटते, म्हणजे भार २० टक्क्यांनी वाढला तर आयुष्य सुमारे ५८ टक्क्यांवर येते. हा हिशेब मी नंतर केला. आपण तर जुने बेअरिंग कॅमवर असतानाच पेट्रोलने धुऊन त्याची बाहेरची रिंग मला बोटाने सावकाश फिरवायला लावलीत. नुसते पाहून ते ठणठणीत वाटत होते, पण बोटाला बारीक खरखर लागत होती. शिवाय काढताना पुलरची, म्हणजे बेअरिंग उपसण्याच्या अवजाराची, ओढ गोळ्यांवरून जाते, त्यामुळे असे उपसलेले बेअरिंग पुन्हा वापरायचे नसते, हेही तेव्हाच कळले.

नवी बेअरिंग घेताना जुन्यावर कोरलेला नंबर आणि त्यापुढची सी-३ ही खूण, म्हणजे आतली मोकळीक नेहमीपेक्षा थोडी जास्त असल्याची खूण, आपण स्वतः जुळवून पाहिलीत. बसवताना हातोडी उचलली नाहीत. बाहेरच्या रिंगवर मारलेला ठोका गोळ्यांमधून जाऊन रिंगेवर खळगे पाडतो, म्हणून बेअरिंग शंभर-एकशे दहा अंशांपर्यंत तापवून (आमच्याकडच्या मे महिन्यातही त्यासाठी शेगडी लागतेच!) कॅमवर अलगद सरकवलेत. १२० अंशांच्या वर जाऊ द्यायचे नाही आणि थेट ज्योत लावायची नाही, ही ताकीदही हाताखालच्या पोराला दिलीत.

पिस्टनवर खेळण्यातल्या मातीची चकती ठेवून व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधले अंतर तपासणे, खुणा जुळवून टायमिंग लावणे आणि टॅपेट (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) फीलर गेजच्या पातळ पट्ट्यांनी मोजून बसवणे हे आपल्या हातचे नेहमीचे काम. तरीही कॅम क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) निम्म्या वेगाने फिरतो म्हणून क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून, कुठे अडत नाही याची खात्री पटल्यावरच आपण गाडी चालू करू दिलीत.

हेड उघडलेलेच होते म्हणून बेअरिंगची मजुरी आपण वेगळी लावली नाहीत, त्याबद्दलही मनःपूर्वक आभार. ऑइल लवकर बदलायला आणि टॅपेट पुन्हा तपासून घ्यायला आपण सांगितले आहे. पोळा झाला की गाडी घेऊन येतो.

आपला,
जालन्यातील एक ग्राहक