भाजणीच्या पानावर लिहिणाऱ्या काकूंना

ती. काकूंस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं नाव मला माहीत नाही. पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर ‘चि. सौ. कां.’ एवढंच वाचता येतं, पुढची शाई पाण्याने पसरली आहे. खाली ‘नौपाडा, ठाणे. वैशाख, शके १८८३’. म्हणजे १९६१. तुम्हाला लग्नात मिळालेलं हे पाककृतींचं पुस्तक गेल्या आषाढात मला इथल्याच एका रद्दीच्या दुकानात साठ रुपयांना मिळालं. मुखपृष्ठ गेलंय, पण मागची किंमत शाबूत आहे: ३ रु. ५० न. पै.

त्याच आठवड्यात आमच्या हिचा उजवा हात मनगटात मोडला होता. सहा आठवडे प्लास्टर. डबा चार दिवसांत दोघांनाही नकोसा झाला आणि सत्तावन्नाव्या वर्षी मी ओट्यापाशी उभा राहिलो.

नुसत्या छापील मजकुरावर माझं काही भागलं नसतं. सगळी मापं शेर, पावशेर, तोळ्यांत. पण तुमच्या लग्नाच्या सुमारास बाजारात किलो-ग्रॅम येत होते, आणि तुम्ही शेवटच्या पानावर पेन्सिलीने कोष्टकच मांडून ठेवलंत: तोळा ११.६६ ग्रॅम, ऐंशी तोळ्यांचा शेर ९३३ ग्रॅम. पुढे कधीतरी तेही बाजूला ठेवून एकेका कृतीपुढे वाट्या लिहिल्यात. त्या वाट्यांच्या हिशोबावर आमचं घर सहा आठवडे जेवलं.

थालीपीठाच्या भाजणीचं पान तेलाने इतकं पारदर्शक झालंय की मागची कृती उलटी दिसते. शिवणीत एक मोहरी चपटी होऊन बसली आहे, ती मी काढलेली नाही. समासात लिहिलंय, ‘धने दुप्पट. बाजरी वेगळी भाजणे, लवकर करपते.’ तसंच केलं. हिने पहिला घास खाल्ला आणि डाव्या हाताने दुसरं थालीपीठ ओढून घेतलं. मोदकांच्या उकडीपाशी तर तुम्ही छापील मापच खोडलंय: ‘नवा तांदूळ असल्यास वाटीला पाऊणच पाणी.’ हे मला कोणी तोंडी सांगितलं नसतं, कारण ज्यांना येतं त्यांना ते सांगण्यासारखं वाटतच नाही.

मी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाचा जुना सभासद. ती संस्था १८९३ सालची, तिथली पुस्तकं सगळ्यांची, त्यामुळे पुस्तकात लिहिणाऱ्यांचा मला कायम राग येत आला. सार्वजनिक पुस्तकाबद्दल तो अजूनही आहे. पण घरचं पुस्तक असं वापरलं जावं, असं आता मनापासून वाटतं.

तुमचं अक्षर मी ओळखू लागलोय. सुरुवातीची पेन्सिल, शाळेतल्यासारखी एकसारखी. मग घाईतलं बॉलपेन: ‘मुंजीला चाळीस पानं, पाचपट पुरलं.’ श्रीखंडावर कुणा लहानग्याच्या खडूच्या रेघोट्या. आणि शेवटी शेवटी, थरथरत्या हाताने, बहुतेक कृतींपुढे एकच शब्द: ‘अळणी.’ तो कोणासाठी लिहावा लागला, याचा विचार करत मी त्या रात्री बराच वेळ पुस्तक मिटलं नाही.

हिचा हात आता बरा आहे. सकाळची पोळी-भाजी ती करते, संध्याकाळचा स्वयंपाक मी माझ्याकडेच ठेवलाय. काकू, तुमचे फार फार आभार. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचावं, नाहीतर निदान तुमच्या घरातल्या कोणाच्या तरी वाचनात यावं.

एक विचारायचं आहे. अळूच्या फदफद्यापुढे तुम्ही लिहिलंय, ‘चिंच किती? वन्संना विचारणे.’ उत्तर कुठेच नाही, सगळी पानं दोनदा चाळली. जांभळी नाक्यावरून अळू आणतो, देठं सोलतो, चिंच अंदाजाने घालतो, तरी घशाला थोडं खवखवतंच. वन्सं काय म्हणाल्या?

आपला,
नौपाड्यातलाच एक