कविता आधी ऐकू द्या

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

शाळाशाळांतून होणाऱ्या कवितागायन स्पर्धांच्या बातम्या आणि फोटो आपल्या दैनिकात येत असतात. मुलांचे कौतुक होते याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण अशा स्पर्धांना परीक्षक म्हणून मी बसलो आहे, आणि तिथे जे दिसते ते लिहिल्यावाचून राहवत नाही. पाऊस म्हटला की दहाही बोटे वरून खाली, फूल म्हटले की दोन्ही तळवे गालाशी, आई म्हटली की हात छातीवर. चाल मोबाईलवरून उचललेली, त्यामुळे पाच शाळांची पाच मुले आली तरी चाल एकच. घरच्यांनी बसवून घेतलेली कवायत मूल बिचारे इमानेइतबारे करून दाखवते, आणि बक्षीस बहुधा कवायतीलाच मिळते.

वर्गात याच्या उलट. माझी नात तिसरीत शिकते. तिच्या वहीत कवितेचा फळ्यावरून उतरवलेला भावार्थ आहे, यमक जुळणाऱ्या शब्दांच्या जोड्या आहेत, रिकाम्या जागा आहेत, आणि ‘कवीला आनंद का झाला?’ याचे एका वाक्यात उत्तर आहे. सगळ्यावर लाल शाईने बरोबरच्या खुणा. म्हटले, आता कविता म्हणून दाखव. तर म्हणाली, “आबा, ती पाठांतराला नाही.”

आता आपल्या गोव्यातल्या मुलाचे पाहा. घरात कोकणी बोलणारे हे मूल पहिल्यांदा मराठी कविता ऐकते ती पुस्तकातून नव्हे. देवळातल्या भजनात, जत्रेच्या नाटकात, आणि सर्वांत जास्त चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला. मातीचे घुमट, शामेळ, कांसाळे या वाद्यांच्या गजरात रात्री बारा वाजता ‘लवथवती विक्राळा’ म्हणणारी पोरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. आरतीतला निम्मा शब्द त्यांना कळत नाही, मोठ्यांनाही कळतो असे समजू नका. तरी अडखळत नाहीत, कारण ताल त्यांच्या अंगात असतो. वाचनात मागे म्हणून शेरा मिळालेला मुलगा चवथीला घुमटावर बसतो आणि एकही मात्रा चुकत नाही. सरकारने २०१९ मध्ये घुमटाला राज्याचे वारसावाद्य म्हणून मान दिला, चांगलेच झाले. तेच वाद्य वाजवणाऱ्या मुलाचा कान मात्र मराठीच्या तासाला कोणी विचारात घेत नाही.

मी सत्तरी तालुक्यातल्या एकशिक्षकी शाळेत बरीच वर्षे काढली. पहिली ते चौथी एकाच खोलीत. तिथे मला अभंगाने हात दिला. मोठ्या अभंगाचे मोजमाप सोपे आहे : सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात यमक. ‘सुंदर ते ध्यान । उभे विटेवरी । कर कटावरी । ठेवोनिया’ हे मुले बोटांवर मोजत, बाकांवर वाजवत. बोलताना ‘घर’ एका झटक्यात जातो, अभंगात त्याची दोन अक्षरे धरायची, जोडाक्षर एकच धरायचे, हे व्याकरणाच्या नावाने सांगितले असते तर जांभया आल्या असत्या. इथे पहिलीतली पोरेसुद्धा चौथीतल्यांच्या चुका काढत. मग सांगितले, आता तुमचा करा. चौथीतल्या एका मुलीने केला तो मला अजून पाठ आहे :

पाऊस पडला । गळू लागे घर ।
भिजले मांजर । चुलीपाशी ॥

वर्गात लगेच वाद पेटला. एकजण उठून म्हणाला, “सर, चुलीलागीं माजर सुकता, भिजना.” मुलीने त्याला तिथल्या तिथे गप्प केले, “आमगेर पाणी चुलीरच पडटा.” पुढचा अर्धा तास कोणाच्या घरी कुठे गळते, मांजर तरीही चुलीजवळच का बसते, आणि कवितेत ‘गळू लागे घर’ आधी का आले यावर गेला. भावार्थ मला फळ्यावर लिहावा लागला नाही.

अर्थ शिकवूच नये, असे मी म्हणत नाही. नुसत्या घोकंपट्टीने आरती पाठ होते, कविता कळत नाही, हेही खरे. पण अर्थाची वेळ मुलाने प्रश्न विचारल्यावर येते, आणि प्रश्न पडण्यासाठी कविता आधी दोनचारदा कानावरून जायला हवी. शिक्षकाने स्वतः, पुस्तक मिटून, न गाता, नीट म्हणायला हवी. बोरीचे बाकीबाब बोरकर स्वतः शाळेत शिक्षक होते आणि आपल्या कविता रंगून म्हणत. तेवढा गळा सर्वांना नसतो, त्याची गरजही नाही.

आणखी एक. कविता पानांच्या क्रमाने शिकवण्याचा हट्ट कशासाठी? श्रावणावरची कविता पुस्तकात मागे पडली म्हणून दिवाळीनंतर शिकवायची, जेव्हा भात कापून झालेले असते आणि खिडकीबाहेर रखरखीत ऊन असते. सर येते, जाते, लगेच ऊन पडते हे श्रावणात बाहेर चाललेले असताना मुलांना व्हरांड्यात उभे करून तीच कविता म्हणावी, इतकी साधी गोष्ट आहे.

शिक्षकांना दोष देणे सोपे. माध्यान्ह आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती, निवडणुकीची कामे यांतून उरलेल्या वेळात त्यांनी मांजरावर अर्धा तास घालवावा कसा? म्हणून शिक्षण खात्याला माझी विनंती अशी की प्राथमिक वर्गांत कवितेचे लेखी गुण काढून टाकावेत आणि ते तोंडी द्यावेत. मुलाने आपल्या आवडीची कुठलीही एक कविता निवडावी, म्हणावी आणि ती का आवडली ते हवे तर कोकणीत सांगावे. हातवाऱ्यांना गुण नकोत.

माझ्याकडे दोन घुमटे आहेत आणि सकाळी वेळही असतो. डिचोली, सत्तरीतल्या कुठल्याही प्राथमिक शाळेने बोलावले तर येईन, मानधन नको. पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे. फक्त त्या तासाला मुलांच्या हातात कार्यपत्रिका देऊ नये.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक,
साखळी, डिचोली