परभणीच्या ताईंना अनावृत आभारपत्र

नाशिक

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

आपले आभार मानायला कोणी सुरुवात केली, की आपण जोडलेल्या हातांचे चित्र पाठवून लगेच दुसऱ्या कोणाच्या तरी तब्येतीची चौकशी सुरू करता, हा अनुभव फोनवरच्या आपल्या मित्रमंडळातील, म्हणजे मूत्रपिंडाच्या आजाराशी झुंजणाऱ्या घरांच्या संदेशगटातील, प्रत्येकाला आहे. म्हणून हे पत्र सर्वांसमक्ष लिहीत आहे. निदान येथे तरी आपल्याला विषय बदलता येणार नाही. आपले नाव मात्र लिहिलेले नाही. नाव, फोन क्रमांक आणि अहवालावरचा नोंदणी क्रमांक झाकल्याशिवाय कोणाचेही काहीही पुढे पाठवायचे नाही, हा दंडक आपणच घालून दिलेला आहे आणि तो आपल्यालाही लागू आहे.

आपण परभणीला, मी नाशिकला सातपूरमध्ये. आपली प्रत्यक्ष भेट आजवर झालेली नाही आणि आवाजही फोनवर क्वचितच ऐकला आहे. पत्नीची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्याचे निदान झाले आणि आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी चार तास, असे डायलिसिस (यंत्राने रक्त शुद्ध करणे) सुरू झाले, तेव्हा नाशिकमध्ये आम्ही एकटे पडलो होतो असे म्हटले, तर ते शेजाऱ्यांवर आणि कंपनीतील सहकाऱ्यांवर अन्याय करणारे होईल. पाळी बदलून देणारे, मुलीला शाळेतून आणणारे, रक्तपेढीत माझ्या आधी जाऊन उभे राहणारे लोक मला याच गावात मिळाले. परंतु मदत करायला आलेल्या माणसापुढे घरातले सगळेच मांडता येत नाही. मूत्रपिंडे निकामी झाली की जास्तीचे पाणी शरीरात साचते, म्हणून तिला दिवसाचे पाणी मोजून ठरवून दिलेले होते. उन्हाळ्याच्या दुपारी पत्नी पाणी मागत असताना, ‘आजचे पाणी संपले,’ असे मला तिला सांगावे लागे. दारी आलेल्या अनोळखी माणसालाही आपण आधी पाणी विचारतो. घरातल्याच माणसाला ते नाकारल्यानंतर मला रात्री झोप लागत नसे, ही गोष्ट मी कंपनीच्या कँटीनमध्ये कोणाला सांगणार होतो? ती मी एका रात्री, दुसरी पाळी संपवून घरी आल्यावर, आपल्या मंडळींत लिहिली.

त्यावर सात्त्विक धीराचे आणि देवावर भरवसा ठेवण्याचे बरेच संदेश आले. ते पाठवणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती, हे मी जाणतो. आपण मात्र धीर दिला नाहीत, आपण विचारलेत, “दादा, दोन डायलिसिसच्या मध्ये वहिनींचे वजन किती वाढते? आणि जेवणात वरून मीठ घेण्याची सवय आहे का?” त्या क्षणी मला तो प्रश्न काहीसा कोरडा वाटला होता. पण त्याचे उत्तर देण्यासाठी मला वही उघडून मशिनवर बसण्यापूर्वीचे आणि नंतरचे वजन पाहावे लागले, आणि मग तहान ही पाण्यापेक्षा मिठाच्या मागे येते, मीठ आटोक्यात आले की पाणी नाकारण्याचे प्रसंगच कमी होतात, हे आपण समजावून दिलेत. दिवसभराचे ठरलेले पाणी सकाळीच एका बाटलीत भरून ठेवावे आणि तिने ते स्वतःच्या हाताने लहान फुलपात्राने घ्यावे, म्हणजे हिशेब तिच्याकडे राहतो आणि नवऱ्याला पहारेकरी व्हावे लागत नाही, ही युक्तीही आपलीच. या एका बदलाने आमच्या घरातले बोलणे पूर्ववत झाले. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दुसऱ्या दिवशी आपण पुन्हा विचारलेत: “काल सांगितले ते जमले का?” त्यानंतरच्या आठवड्यातही विचारलेत. सहानुभूती दाखवणारे पुष्कळ भेटतात. उत्तर ऐकण्यासाठी परत येणारी माणसे फार थोडी असतात, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

आजाऱ्याला भेटायला जाताना आपल्याकडे शहाळे, केळी, मोसंबी नेण्याची रीत आहे, आणि पोटॅशियमच्या दृष्टीने डायलिसिसच्या रुग्णाला नेमकी तीच वर्ज्य किंवा अगदी जपून खाण्याची. आमच्या ओट्यावर शहाळ्यांची रांग लागली होती आणि आणणाऱ्यांना नाही म्हणणे जिवावर येत होते. प्रेमाने आणलेले प्रेमाने ठेवून घ्यावे आणि मुलांना द्यावे, असे आपण सुचवलेत आणि तो प्रश्न तेवढ्यावर मिटला. द्राक्षांच्या गावात राहून हंगामात किती द्राक्षे खावीत, हे मात्र आपण स्वतः सांगितले नाहीत. ते आहारतज्ज्ञांना अहवाल दाखवून विचारायला लावलेत. भाज्या चिरून कोमट पाण्यात भिजवून ते पाणी टाकून देण्याची रीतही आधी त्यांच्याकडून पक्की करून घ्यायला सांगितलीत. आपल्याला एवढी माहिती असूनही डॉक्टरांच्या हद्दीत पाऊल न टाकण्याचा आपला कटाक्ष पाहून, ज्यांना काहीच माहिती नसते त्यांचा आत्मविश्वास मला अधिकच खटकू लागला आहे. ‘कमी सोडियमचे मीठ खा, किडनी सुधारते,’ असा एक संदेश आपल्या मंडळींत फिरू लागला, तेव्हा आपण तो पाठवणाऱ्याला दुखावले नाहीत. पण अशा मिठात सोडियमच्या जागी बहुधा पोटॅशियम क्लोराइड असते आणि मूत्रपिंडाच्या रुग्णाचे पोटॅशियम वाढले तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात, हे आपण त्याच तासाभरात स्पष्ट लिहिलेत. माझ्या एका नातेवाइकाने तसले पाकीट आदल्याच दिवशी आमच्याकडे आणून दिले होते. ते उघडले गेले नाही.

आता बांगड्यांविषयी. डायलिसिसच्या सुया टोचता याव्यात म्हणून पत्नीच्या डाव्या हाताला फिस्टुला करण्यात आला, म्हणजे मनगटाजवळची धमनी आणि शीर जोडण्यात आली, आणि त्या हातात घट्ट काही घालायचे नाही, त्यावर रक्तदाब मोजू द्यायचा नाही, सुई टोचू द्यायची नाही, त्या कुशीवर झोपायचे नाही, अशी समज रुग्णालयाने दिली. मी ती यादी कागदावर लिहून कपाटाला चिकटवली. यादीतल्या पहिल्याच ओळीने पत्नी कोलमडली आहे, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हते. डाव्या हातातल्या हिरव्या बांगड्या काढताना ती काही बोलली नाही. नंतर हळदीकुंकवाला जायचे टाळू लागली. “मोकळ्या हाताने बायकांत कशी बसू?” हे ती मला नव्हे, आपल्याला म्हणाली, तेही माझ्याच फोनवरून, कारण मी एकदा तिला आपल्याशी बोलायला दिले होते. आपण तिला उपदेश केला नाहीत. उजव्या हातात दोन्ही हातांच्या बांगड्या घाला, डाव्यावर लांब बाहीचा सैल ब्लाउज घाला, आणि कोणी विचारलेच तर सांगा की हा हात माझ्या जिवाची तजवीज आहे, एवढेच आपण म्हणालात. त्या संक्रांतीला ती शेजारी वाण घ्यायला गेली. फिस्टुलावर बोटे ठेवली की मांजर कुशीत बसून घुरघुरते तशी बारीक थरथर लागते. ती रोज सकाळी तपासावी आणि लागली नाही तर दुपारची वाट न पाहता रुग्णालयाला कळवावे, हेही आपण तिला शिकवलेत. आता ती बांगड्या नीट करता करता ती थरथर पाहते आणि मला हाताने खूण करते.

पैशाच्या बाबतीत आपण आम्हा सर्वांना जी शिस्त लावलीत, तिचा उल्लेख थोडक्यात करतो. मदतीचे आवाहन करण्यापूर्वी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली अंगीकृत रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) शिधापत्रिका आणि ओळखपत्र घेऊन भेटा, असा आपला आग्रह असतो. २०२३ च्या निर्णयाने या योजनेचे कुटुंबामागचे वार्षिक संरक्षण दीड लाखावरून ५ लाख रुपयांपर्यंत वाढवण्यात आले, हे मला आपल्याकडूनच कळले. एसटीच्या सवलतींच्या यादीत डायलिसिसच्या रुग्णांचा समावेश आहे, हे सिन्नर आणि निफाडकडून नाशिकला येणाऱ्या कित्येकांना ठाऊक नव्हते. आपण परभणीत बसून ते सांगितलेत. त्यानंतरही कमी पडले, तर पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात भरायचे आणि पावती सर्वांनी पाहायची. ही पद्धत काहींना संशयी वाटते. मला ती गरजवंताची अब्रू राखणारी वाटते.

पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढला आणि गोदावरीचे पाणी पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेवर चढल्याची दृश्ये दूरदर्शनवर दिसली, त्या दिवशी आमचे रुग्णालय नदीच्या पलीकडे आहे, हे आपल्या लक्षात होते. मी कामावर असतानाच आपला संदेश आला, की पूल बंद होण्याआधी रुग्णालयाला फोन करून वेळ अलीकडे घेता येते का ते पाहा, आणि नाहीच जमले तर पाणी व पोटॅशियम यांचे पथ्य उद्यापर्यंत अधिक कडक ठेवा. वेळ अलीकडे मिळाली. पूर पाहायला सगळे शहर घाटाकडे निघालेले असताना आम्ही उलट दिशेने घरी परतलो.

माझ्याविषयी लिहायचे तर मला अजूनही संकोच वाटतो. पत्नीची तब्येत सावरत होती आणि मीच खचत चाललो होतो. भूक नव्हती, यंत्रावर उभा असताना मन भलतीकडे जाई. आपण मला सरळ विचारलेत, “दादा, जगणे नकोसे वाटते का?” इतक्या स्पष्ट शब्दांत तो प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. कधी कधी वाटते, असे मी लिहिले. आपण घाबरला नाहीत, मला रागावलाही नाहीत. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक दिलात, तेथे चोवीस तास विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते हे सांगितलेत, आणि मी फोन लावतो तोवर आपण संदेशावर थांबून राहिलात. पुढे डॉक्टरांकडेही गेलो आणि आज बरा आहे. आपल्या मंडळींतील जे पुरुष फक्त अहवालांचे आकडे लिहितात आणि स्वतःबद्दल अवाक्षर काढत नाहीत, त्यांनी हा परिच्छेद वाचावा म्हणून तो येथे ठेवला आहे.

पत्नीला माझे मूत्रपिंड देण्याचा विषय निघाला, तेव्हा आमच्या नात्यात वादळ उठले. ‘घरातला कमावता माणूस’ हा एकच मुद्दा पुन्हा पुन्हा पुढे येत होता. आपल्या देशात जिवंत दात्यांमध्ये स्त्रिया अधिक आणि मूत्रपिंड मिळणाऱ्यांमध्ये पुरुष अधिक आहेत. बायकोने नवऱ्याला दिले तर ते कर्तव्य, आणि नवऱ्याने बायकोला द्यायचे म्हटले तर घरावर संकट, ही आपली रीत मला तेव्हा फार जवळून दिसली. आपण स्वतः आपल्या भावाला मूत्रपिंड दिलेले आहे, हे आम्हाला त्याच वेळी प्रथम कळले, आणि तेही पत्नीने विचारले म्हणून. तरीसुद्धा आपण ‘द्या’ असे म्हटले नाहीत. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे पती-पत्नी जवळच्या नातेवाइकांत मोडतात, रक्तगट आणि क्रॉसमॅच (रुग्णाचे रक्त दात्याच्या पेशींना विरोध करते का, ही चाचणी) जुळावे लागते, दात्याचे स्वतःचे मूत्रपिंड, रक्तदाब, साखर, हृदय सगळे तपासले जाते आणि दाता शेवटच्या क्षणापर्यंत नाही म्हणू शकतो, हे आपण क्रमाने लिहिलेत. हा शेवटचा मुद्दा आपण पत्नीलाही वाचायला लावलात. नाते सिद्ध करण्यासाठी विवाहाचा दाखला आणि लग्नातले छायाचित्र लागणार, म्हणून आम्ही माळ्यावरून अल्बम काढला. त्यात आमच्या दोघांचा मिळून असलेला, चेहरे नीट दिसणारा एकच फोटो निघाला, बाकी सगळीकडे मामा मध्ये उभे. त्या संध्याकाळी ती कित्येक महिन्यांनी मोठ्याने हसली. माझ्या तपासण्या सध्या सुरू आहेत. रक्तगट जुळला आहे, पुढचे डॉक्टर सांगतील.

ताई, आपल्या भावाची प्रकृती उत्तम आहे आणि आपल्याला या मंडळींत थांबण्याचे तसे काही कारण उरलेले नाही. तरी नव्याने आलेल्या माणसाला पहिला प्रश्न आपणच विचारता. मात्र दात्यानेही दरवर्षी रक्तदाब, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणारा रक्तातील घटक) आणि लघवीतील प्रथिनांची तपासणी करून घ्यायची असते, हे आम्हाला शिकवणाऱ्या आपण, या वर्षीची स्वतःची तपासणी आधी दिवाळीमुळे आणि मग कोणाच्या तरी शस्त्रक्रियेमुळे पुढे ढकललेली आहे, असे आपल्या भावाकडून समजले. येत्या सोमवारी सकाळी आपण उपाशीपोटी प्रयोगशाळेत जावे, ही माझी आणि पत्नीची नम्र विनंती आहे. सोमवारी संध्याकाळी मी विचारीन, आणि उत्तर नाही आले तर मंगळवारी पुन्हा विचारीन.

आपला,
सातपूरचा दादा
(सौ. चा नमस्कार)